दवाखान्याच्या वायफायवरून

पोलीस आले तेव्हा डॉक्टरीणबाईंसमोरच्या टेबलावर एक मांजरी चारही पाय पसरून गाढ गुंगीत पडली होती. तिची गर्भाची पिशवी काढून झाली होती, पोटावरचे शेवटचे टाके तेवढे राहिले होते. झाडलोट करणाऱ्या मावशींनी दार किलकिलं करून सांगितलं, की बाहेर दोघीजणी आल्यात, त्यांच्याकडे जनावर काही नाही, नुसती फाईल आहे. जनावर नसलेली माणसं म्हणजे औषध कंपनीची, असा डॉक्टरीणबाईंचा हिशेब होता. बसायला सांगा म्हणाल्या आणि नेहमीसारखे, सावकाश, एकसारखे टाके घालत राहिल्या.

हात धुऊन बाहेर आल्या तर साध्या कपड्यांतली, बारीक केस कापलेली एक बाई वजनकाट्याशेजारी उभी राहून भिंतीकडे बघत होती. भिंतीवर जाड अक्षरांत वायफायचा पासवर्ड लिहिलेला होता. आपण सायबर शाखेच्या अधिकारी आहोत, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. बाकावर एक आजोबा आणि त्यांचा ससा होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं.

अधिकारी बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. गावातल्या एका बाईंना बऱ्याच दिवसांपासून धमक्यांचे मेल येत होते. आधी नुसत्या शिव्या, मग त्यांच्या घराच्या फाटकाचा फोटो, मग त्यांची मुलगी शाळेच्या बसमधून कुठल्या कोपऱ्यावर उतरते आणि तिचं दप्तर कुठल्या रंगाचं आहे ते. बाईंनी मुलीला शाळेत पाठवणं बंद केलं होतं. मेल पाठवणाऱ्यानं स्वतःचा माग पुसला होता, पण एक-दोनदा पुसायचं विसरला आणि तो माग येऊन थांबला तो या दवाखान्यात. इंटरनेटचं कनेक्शन डॉक्टरीणबाईंच्या नावावर होतं.

मग त्यांनी त्या बाईंच्या ऑफिसचं नाव सांगितलं आणि त्या बाई कोण ते डॉक्टरीणबाईंना कळलं. त्या त्या ऑफिसच्या प्रमुख होत्या, आणि त्यांनीच बारक्याला कामावरून काढलं होतं.

बारक्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. नाव लहानपणी पडलं तेव्हा तो खरंच काडीसारखा होता. आता चाळिशीला आला होता आणि दवाखान्याच्या दारातून आत येताना मान खाली घालावी लागे इतका उंच झाला होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं. आई लवकर गेली. त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेच्या दारात सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं होतं. नवरा गेल्यावर डॉक्टरीणबाई खाली दवाखाना आणि वर घर असं एकट्याच राहत होत्या. नोकरी सुटल्यावर बारक्या एक बॅग घेऊन आला, चार दिवस राहतो म्हणाला आणि राहिला. दवाखान्यातलं नोंदणीचं टेबल त्यानं आपणहून सांभाळायला घेतलं. गिऱ्हाइकांसमोर तो बहिणीला 'डॉक्टर' म्हणायचा, जिना चढून वर आला की 'ताई'.

आपल्याकडे कोण राहतं, भाऊ काय करतो, हे विचारून झालं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही; लपवण्यासारखं काही आहे हे त्यांना कळतच नव्हतं. अधिकारी बाईंनी बरोबरच्या शिपाईणीकडे एकदा पाहिलं. मग फाईल मिटली आणि अगदी सहज, शेजारीण विचारते तसं विचारलं.

"तुमचा भाऊ असं काही करू शकेल, असं तुम्हाला वाटतं का?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना एकदम स्वयंपाकघरातला तो कप आठवला. बारक्या नुकताच राहायला आला होता तेव्हाची गोष्ट. ऑफिसातून कुणाचातरी फोन आला होता. फोन ठेवल्यावर त्यानं हातातला कप भिंतीवर फेकला होता आणि म्हणाला होता, "त्या बाईच्या घरापर्यंत हे पोचलं पाहिजे, मग कळेल तिला." नंतर त्यानं तुकडे स्वतःच गोळा केले, फरशी पुसली, नवा कपही आणून ठेवला. तो विषय तिथंच संपला होता. निदान डॉक्टरीणबाईंना तसं वाटलं होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

हे म्हणायला त्यांना बराच वेळ लागला होता. त्या वेळात पलीकडे काय चाललंय याचं त्यांना भान नव्हतं. पलीकडे म्हणजे कापडी पडद्याच्या मागे, जिथं भूल उतरेपर्यंत जनावरं ठेवत असत. पडदा बाजूला झाला. टॉवेलमध्ये गुंडाळलेली मांजरी खांद्यावर घेऊन बारक्या उभा होता. तो बहिणीकडे बघत नव्हता. त्यानं मांजरी हलकेच पिंजऱ्यात ठेवली, कडी लावली आणि अधिकारी बाईंना म्हणाला, "माझा फोन टेबलाच्या खणात आहे. लॅपटॉप वर आहे, आणून देतो."

त्यांनी फोन नेला, लॅपटॉप नेला, डॉक्टरीणबाईंचाही लॅपटॉप नेला, एक्स-रेचा कॉम्प्युटरसुद्धा नेला. बारक्यालाही बरोबर नेलं. अटक नाही, नुसती चौकशी, असं निघताना त्यांनी दोनदा सांगितलं. बाकावरच्या आजोबांनी ससा छातीशी धरून हे सगळं पाहिलं, आणि ते घरी पोचायच्या आधी बातमी गल्लीभर पोचली.

जाण्यापूर्वी अधिकारी बाईंनी विचारलं होतं, की हा पासवर्ड किती जणांना माहीत आहे. डॉक्टरीणबाई बोटं मोजायला लागल्या आणि हात खाली सोडला. सहा-सात वर्षं तो तसाच होता: दवाखान्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. जो येई त्याला दिलेला. एका गिऱ्हाइकाचा पोपट पंधरवडाभर दवाखान्यात राहायला होता, तोसुद्धा घरी गेल्यावर 'एक दोन तीन' म्हणत होता म्हणे. राउटर म्हणजे कपाटावरचं ते मिणमिणणारं डबडं, त्याच्या स्वतःच्या पासवर्डला तर कंपनीतून आल्यापासून कुणी हात लावला नव्हता. तो डबड्याच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर छापलेलाच होता. कुठल्या वेळी कोण जोडलं गेलं होतं हे त्यातून कळेल का, असं डॉक्टरीणबाईंनी आशेनं विचारलं. अधिकारी बाईंनी मान हलवली. "याला कालचंसुद्धा आठवत नाही. तुमच्या नावानं रस्त्यावरचं कुणीही काहीही बोलू शकतं, डॉक्टर. तुम्हीच परवानगी दिलीय."

बारक्या संध्याकाळी परत आला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आवडीची भाजी केली होती. त्यानं जेवून ताट घासून ठेवलं, आणि काय विचारलं, काय झालं, याबद्दल चकार शब्द काढला नाही. डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर प्रश्न होता. अगदी साधा होता: तू केलंस का रे? पण तो विचारायचा म्हणजे हो असं उत्तर येऊ शकतं हे मान्य करायचं, आणि नाही असं आलं तर आपण विश्वास ठेवू की नाही याची त्यांना खात्री वाटेना. त्यांनी भाजी हवी का विचारलं. तो नको म्हणाला.

पुढचे दिवस तसेच गेले. तो पुन्हापुन्हा चौकशीला जाई, येई, टेबलावर बसे. फोन नव्हता म्हणून गिऱ्हाइकांना दवाखान्याच्या जुन्या फोनवरून नंबर फिरवून वेळा देई. गिऱ्हाइकंही कमी झाली. काहीजण येत ते कुत्र्यापेक्षा बारक्याकडेच जास्त बघत. डॉक्टरीणबाई वरून हसून बोलत आणि आतून कुढत. रात्री पडल्या की त्यांच्या डोळ्यांसमोर एक दप्तर यायचं. रंग माहीत नव्हता, तरी यायचं. ती मुलगी घरात बसून काय करत असेल? आणि हे आपल्या घरातून गेलं असेल, वरच्या खोलीतून, आपण खाली कुणाच्या तरी मांजरीला जंताचं औषध देत असताना?

एकदा बारक्या चौकशीला गेलेला असताना त्या त्याच्या खोलीत शिरल्या. काय शोधतोय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गादी उचलून पाहिली, टेबलाचा खण पाहिला. कपाटात एक कोरा शर्ट होता, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत असलेला. मुलाखतीसाठी आणलेला असावा. त्यांचा हात त्या शर्टावर होता तेव्हाच मागून आवाज आला.

"खालच्या कप्प्यात पण बघ," बारक्या दारातून म्हणाला. त्या दिवशी त्याला लवकर सोडलं होतं.

त्या काहीतरी पुटपुटल्या, धुवायच्या कपड्यांचं. तो बाजूला झाला आणि त्यांना जायला वाट दिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना जिना उतरताना कळलं. पण खरं सांगायचं तर, त्या शरमेतही एक विचार डोकं वर काढून होताच, की खालचा कप्पा बघायचा राहिला.

मग अधिकारी बाईंचा फोन आला. आणखी एक मेल गेला होता, पुन्हा दवाखान्याच्याच कनेक्शनवरून. बारक्याची सगळी यंत्रं पोलिसांच्या कपाटात होती. डॉक्टरीणबाईंचा श्वास जरा मोकळा झाला, पण त्या बाई पुढे म्हणाल्या, की दुसरा फोन मिळवायला काय लागतं. आता ते वायफाय तरी आवरा.

कनेक्शन देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. तो वरमला होता, कारण मूळ पासवर्ड त्यानंच घातला होता आणि नंतर बदला असं सांगायचं राहून गेलं होतं. त्यानं आधी राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदलला, रखडलेले अपडेट घातले, नुसतं बटण दाबून आत शिरता येईल अशी जी सोय होती ती बंद केली. दवाखान्याच्या यंत्रांचं वायफाय वेगळं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दुसरं, त्यांचा एकमेकांशी संबंध येणार नाही असं. ते दुसरं सध्या बंदच ठेवा म्हणाल्या डॉक्टरीणबाई. नवा पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला: एकमेकांशी काही नातं नसलेले चार लांबलचक शब्द. तो त्यांनी बारक्याला सांगितला. "मला नको," तो म्हणाला, "मला माहीत नसलेलाच बरा." भिंतीवरची जुनी अक्षरं मावशींनी ओल्या फडक्यानं पुसली. ती पूर्ण गेली नाहीत, म्हणून वर गोचिडांच्या औषधाची जाहिरात लावली.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात माणसांची रीघ लागली, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे जनावर नव्हतं. शेजारचे औषधवाले काका आले. त्यांचं कार्ड घासायचं यंत्र किती वर्षांपासून या वायफायवर चालत होतं ते त्यांनाच आठवेना. समोरच्या इमारतीत शिकवण्या घेणाऱ्या बाई आल्या, त्यांचा अख्खा वर्ग याच्यावर होता. पलीकडच्या गेटवरचा पहारेकरी आला, त्याची मालिका ऐन रंगात आलेली अडकली होती. सगळ्यांच्या बोलण्यात नळाचं पाणी न सांगता तोडल्यासारखा सूर. डॉक्टरीणबाईंनी एकेकाला समजावलं, हात जोडले. काका तर रुसले. एरवी बारक्या अशा वेळी मिशीतल्या मिशीत हसला असता.

आणि दाढीवाला आला.

दाढीवाला बारक्याच्याच ऑफिसातला, त्याच्याच बरोबर काढून टाकलेला. नोकरी गेल्यावर बारक्याला फोन करणारा एकटा तोच. त्याचा कुत्रा म्हातारा आणि इतका लठ्ठ, की नाव भोपळ्या ठेवलेलं. त्याचा एक कान कायमचा दुखरा. त्यामुळे दाढीवाल्याचं दवाखान्यात सतत येणं-जाणं असे. येताना मावशींची चौकशी, बारक्याच्या पाठीवर थाप, डॉक्टरीणबाईंशी अदबीनं. पोलिसांचं कळल्यावर तर तो मुद्दाम येऊन गेला होता आणि म्हणाला होता, की या लोकांना गरीब माणूसच सापडतो.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी भोपळ्याचा कान पाहिला. कान स्वच्छ होता. मागच्याच खेपेला त्यांनी महिनाभर आणू नका असं सांगितलं होतं. दाढीवाल्यानं थोडं इकडचं तिकडचं बोलून विचारलं, की वायफायला काय झालंय, ऑफिसचा एक मेल टाकायचा होता.

"कुठल्या ऑफिसचा?" टेबलापासून बारक्यानं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. मित्राला नोकरी लागली की काय, म्हणून त्याचा चेहरा उजळला होता.

दाढीवाला क्षणभर अडखळला. मग म्हणाला, असंच, एका ठिकाणी अर्ज करायचाय. बारक्यानं सांगितलं, की पासवर्ड आता कुणालाच देत नाहीत, त्याला स्वतःलाही माहीत नाही. दाढीवाला हसला, बरोबर आहे म्हणाला, आणि कुत्र्याला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई खिडकीशी उभ्या राहून हातमोजे काढत होत्या. औषधवाल्या काकांच्या छपराच्या सावलीत दाढीवाल्याची गाडी उभी होती. भोपळ्या मागच्या सीटवर चढला. दाढीवाला पुढे बसला, पण गाडी सुरू झाली नाही. त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला, जरा वेळ बोटं चालवली, आणि झाकण आपटल्यासारखं मिटलं. तेव्हा कुठे गाडी हलली.

ही गाडी त्या सावलीत त्यांनी कितीदा पाहिली होती. कान तपासून झाल्यावरही तासन् तास उभी असायची. म्हाताऱ्या कुत्र्याला उन्हातून नेत नाही, किती माया करतो, असं त्या मावशींना म्हणाल्याही होत्या. आता त्यांच्या हातातला मोजा अर्धा निघालेला तसाच राहिला. या माणसाचाही त्या बाईंवर राग होता. यालाही पासवर्ड माहीत होता. आणि फाटकाचा फोटो काढायला, बसच्या कोपऱ्यावर थांबायला याच्याकडे गाडी होती. बारक्याकडे सायकलसुद्धा नव्हती. हे इतके दिवस आपल्या डोक्यात का आलं नाही?

या वेळी त्यांनी बारक्याला सांगितलं. मागचं सगळं डोक्यात होतं, म्हणून आधी त्यालाच सांगायचं असं ठरवलं. दवाखान्याचं दार ओढून घेतलं आणि जे पाहिलं ते, जसं पाहिलं तसं सांगितलं.

"तो?" बारक्या म्हणाला. "छे. तो असं करणार नाही."

एका श्वासात म्हणाला. विचार करायला एक क्षणही घेतला नाही. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या आणि तो काय बोलून गेला हे दोघांनाही एकदमच कळलं असावं, कारण त्यानं मान फिरवली. अधिकारी बाईंनी विचारलं तेव्हा हेच चार शब्द हवे होते. इतकंच म्हणायचं होतं.

तो त्यांना अडवत राहिला. मित्र आहे, घरी बायको सोडून गेलीय, कुत्र्याखेरीज कुणी नाही, पोलिसांच्या तोंडी द्यायचं का त्याला? मला दिलंस तेवढं पुरे नाही का? डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती मुलगी शाळेत जात नाहीये, बारक्या." त्यांनी अधिकारी बाईंना फोन लावला.

फार दिवस लागले नाहीत. दाढीवाला एका चहाच्या दुकानाबाहेर गाडीत बसलेला सापडला. तिथलंही वायफाय असंच सगळ्यांना मोकळं होतं. लॅपटॉपमध्ये सगळं होतं: फाटकाचे फोटो, बसचे फोटो, लिहून ठेवलेले आणि अजून न पाठवलेले मेल. त्यानं फार आढेवेढे न घेता कबूल केलं. फक्त एका गोष्टीवर अडून बसला, की बारक्यावर आळ येईल हे आपल्या डोक्यातच नव्हतं. दवाखान्यात शंभर माणसं येतात, त्यांतल्या कुणाचं म्हणून नाव घेणार, असं वाटलं होतं. अधिकारी बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. हे सांगायला आणि यंत्रं परत करायला त्या स्वतः आल्या होत्या. बारक्याला त्या म्हणाल्या, की तुम्हाला त्रास झाला, पण आमच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही पहिल्यांदा स्वतःकडेच बघितलं असतंत. बारक्यानं मान हलवली. मग विचारलं, "भोपळ्या कुठाय?"

भोपळ्या पोलीस चौकीच्या मागच्या अंगणात बांधलेला होता. बारक्या जाऊन त्याला घेऊन आला. त्यानं त्याला आंघोळ घातली, कानात औषध घातलं, आणि त्याच्याशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसला. डॉक्टरीणबाई दिवा मालवायला खाली आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता, आणि त्याचे खांदे हलत होते. त्या दिवा न मालवताच वर गेल्या.

आता सगळं पूर्ववत होईल असं मावशींना वाटत होतं. गिऱ्हाइकं परतली. ससेवाल्या आजोबांनी बारक्याच्या हातात हात घेतला. पाहुण्यांसाठीचं वायफाय सुरू झालं, रोज रात्री आपोआप बंद होणारं आणि महिन्याला पासवर्ड बदलणारं; काकांनी स्वतःचं कनेक्शन घेतलं आणि रुसवा सोडला. त्या प्रमुख बाईंनी कुणाकरवी निरोप पाठवला, की तुमचं नाव आपणच पोलिसांना दिलं होतं, माफ करा, आणि मुलगी शाळेत जायला लागली.

बारक्यानं तो निरोप ऐकला आणि त्याच संध्याकाळी सांगितलं, की त्याला दुसऱ्या गावात काम मिळालंय, गोदामाच्या हिशेबाचं, आणि तो रविवारी जाणार आहे.

डॉक्टरीणबाई कणीक मळत होत्या. हात तसेच ठेवून त्यांनी विचारलं, माझ्यावर रागावून जातोयस का. इतके दिवस न विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एक तरी तोंडून निघाला.

बारक्यानं कणकेचा डबा झाकून ठेवला. मग म्हणाला, "त्या बाईनं माझं नाव दिलं, त्यात तिचं काही चुकलं नाही. ती मला ओळखत नव्हती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी घाबरले होते रे."

"माहीत आहे. विचारायचंस ना मला. मी चिडलो असतो, आरडाओरडा केला असता. आणखी एक कप फोडला असता कदाचित. पण तू विचारायचंस."

"आता विचारलं तर?"

"आता तुला उत्तर माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्यांच्या हाताला लागलेली कणीक पाहून त्यानं नळ सोडून दिला, लहानपणी त्या त्याच्यासाठी सोडत तसा. तेवढं करून तो आपल्या खोलीत बॅग भरायला गेला.

रविवारी त्यानं भोपळ्यालाही बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंनी कान कसा धरायचा, औषधाचे थेंब कुठल्या बाजूनं सोडायचे, हे दाखवलं. त्याला ते सगळं माहीत होतं, तरी त्यानं लक्ष देऊन ऐकलं. भाड्याच्या गाडीत बसताना त्यानं वाकून त्यांना नमस्कार केला. तो नमस्कार त्यांना घेववेना. त्यांनी त्याला मध्येच धरून उभं केलं आणि शर्टाची कॉलर सरळ केली. शर्ट नवा होता.

त्यानंतर त्याचा फोन येतो. भोपळ्याचा कान पुन्हा लाल झाला की येतो, खाणं कमी केलं तरी वजन उतरत नाही म्हणून येतो. डॉक्टरीणबाई बारीकसारीक विचारतात: वास येतो का, डोकं झटकतो का, कुठल्या कुशीवर झोपतो. तो सविस्तर सांगतो. कधीकधी तर कुत्र्याला काही झालेलं नसतानाच फोन आलाय असं त्यांना वाटतं, पण तसं त्या म्हणत नाहीत. परवा त्यांनी धीर करून विचारलं, तू कसा आहेस. पलीकडे कुत्र्याच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या.

"बरा आहे," तो म्हणाला, आणि लगेच, फोन ठेवला जाऊ नये अशा घाईनं, "त्याची नखं वाढलीत गं. ती घरी कापली तर चालतील का?"

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि नखं कशी कापायची ते सांगायला सुरुवात केली. बाहेर बाकावर चार गिऱ्हाइकं ताटकळत होती.